गुडघ्याचा फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांना

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अस्थिरोगतज्ज्ञ

आदरणीय डॉक्टर,


सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक गुडघेदुखीचे असतात आणि त्यातले बरेचसे आधी तुमच्याकडे जाऊन आलेले असतात. हातात एक्स-रेचं पाकीट, गोळ्यांची पिशवी, नुसतं 'फिजिओ' लिहिलेली चिठ्ठी आणि मनात तुमच्या तोंडून ऐकलेलं एखादं वाक्य. फोटो मी पाहते, गोळ्यांची चौकशी करते. पण पुढचे कित्येक आठवडे माझी झुंज चालते ती त्या वाक्याशी. म्हणून हे पत्र.

तक्रारीआधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. तुमच्या शस्त्रक्रियेविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. सांधा बदलल्यावर वर्षानुवर्षं घरात कोंडलेली माणसं बाजारात जाताना मी पाहिली आहेत. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून आमच्यासारख्या भागातही हा विचार करणारी कुटुंबं दिसू लागली. तुमचं कौशल्य त्यांना हवंच आहे. माझं म्हणणं सुरीच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेबद्दल आहे. दुखणाऱ्या गुडघ्यासोबत एक माणूस आत येतो, आणि त्याला काय वाटतं, कशाची भीती वाटते, त्याने काय सोडून दिलं, हे आपल्यापैकी कुणीच विचारत नाही. त्याची किंमत तो पावलोपावली मोजतो.

एक उदाहरण देते. साठी उलटलेल्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात भांगलण केलेली बाई. खुर्चीवरून हात न टेकता उठल्या, मांडीचे स्नायू भक्कम होते. पण गेले काही महिने त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. डेअरीपर्यंत चालवणार नाही म्हणून दुभती म्हैस विकली होती. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "चौथी स्टेज हाय म्हणलं डॉक्टर." त्यांच्या भावाला घशाचा कॅन्सर झाला होता आणि त्याच्या वेळीही डॉक्टर चौथी स्टेजच म्हणाले होते. तो चार महिन्यांत गेला. बाईंनी सुनेला पाटल्या कुठे ठेवल्या आहेत तेही सांगून ठेवलं होतं. मी फोटो समोर धरला, हाडांमधली फट आणि कडेला वाढलेली टोकं दाखवली, ही चौथी पायरी फक्त या फोटोची आहे, तुमच्या आयुष्याची नाही, असं समजावलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग विचारलं, "म्हंजी ही त्यातली न्हवं?"

डॉक्टर, तुम्ही त्यांना खोटं काही सांगितलं नव्हतं. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७मध्ये शून्य ते चार अशी जी श्रेणी मांडली, ती तुम्ही रोज वापरता आणि त्या फोटोला चौथी श्रेणी लागूही पडत होती. पण ती श्रेणी कागदावर राहायला हवी होती. रुग्णाला ती ऐकवली तर तिचा अर्थ सांगायला आणखी दोन मिनिटं लागतात. ती मिळाली नाहीत.

माझी पहिली विनंती हीच आहे. फोटो पाहून निकाल सुनावू नका. "हाडाला हाड घासतंय", "वाटी पार झिजली", "वंगण संपलं", "गॅपच राहिली नाही", ही वाक्यं तुमच्या दृष्टीने नुसतं वर्णन आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचं चित्र होतं, आणि ते चित्र प्रत्येक पावलाला सोबत चालतं. पाऊल टाकलं की आणखी थोडं घासलं, जिना चढला की आणखी थोडं झिजलं. मेलबर्नच्या संशोधकांनी सांधेबदलाच्या प्रतीक्षायादीतल्या रुग्णांशी बोलून २०१९मध्ये नेमकं हेच नोंदवलं. हाड हाडावर घासतंय असं मानणाऱ्यांना व्यायामाने नुकसानच होईल असं वाटत होतं आणि शस्त्रक्रियेशिवाय दुसरा कुठलाच उपाय त्यांना खरा वाटत नव्हता. आमच्या तालुक्यातली माणसं वेगळं काही बोलत नाहीत.

आणि फोटो तरी किती सांगतो? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या ७१० लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले गेले. या सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ होते. तरीही जवळजवळ दहांपैकी नऊ जणांत काही ना काही बिघाड दिसला, आणि ज्यांचा गुडघा दुखत होता व ज्यांचा दुखत नव्हता, त्या दोघांत हे प्रमाण जवळपास सारखंच होतं. २०१२चा हा अभ्यास तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत असेल. वाईट फोटोचा माणूस दिंडीत चालतो आणि बऱ्या फोटोचा माणूस काठीशिवाय उठत नाही, हे आपण सगळेच पाहतो. मग रुग्णासमोर मात्र फोटोलाच शेवटचा शब्द का देतो?

दुखणं सांध्यात सुरू होतं, पण ते किती जाणवायचं हे एकटा सांधा ठरवत नाही. झोप, काळजी, एकटेपणा, वर्षानुवर्षं दुखून हळव्या झालेल्या मज्जासंस्थेचा ताण, हे सगळं त्यात मिसळतं. देवळातल्या कर्ण्याचा आवाज वाढवून ठेवला की पुजाऱ्याचं साधं खाकरणंही गावभर ऐकू जातं, तसं या माणसांचं झालेलं असतं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हाही वेदना हा शरीराच्या जाणिवेचा आणि भावनेचा मिळून एकच अनुभव आहे, ही भूमिका कायम ठेवली.

इथे एक खबरदारी मागते. मनाचा भाग आहे म्हणजे दुखणं खोटं आहे, असं नाही. "रिपोर्टमध्ये तसं काही नाही, तुमच्या मनातच आहे" असं ऐकून आलेल्या बायका माझ्यासमोर रडल्या आहेत. घरी सासू तेच म्हणत होती, नवरा तेच म्हणत होता, आता डॉक्टरांनीही शिक्का मारला. घाबरवणारं वाक्य आणि झटकून टाकणारं वाक्य, दोन्हींनी माणूस एकटा पडतो. "वय झालं, आता असंच चालायचं" हेही त्याच जातीचं. त्या एका वाक्यानंतर माणूस प्रयत्नच सोडतो.

आता पथ्यांबद्दल. "खाली बसू नका, मांडी घालू नका, जिने चढू नका, जास्त चालू नका." ही यादी तुम्ही सांगता, दवाखान्यातले मदतनीस पुन्हा सांगतात, शेजारीपाजारी त्यात भर घालतात. किती दिवस, हे कुणी सांगत नाही. त्याऐवजी काय करायचं, हेही नाही. ही यादी आमच्याकडच्या घरात गेली की काय होतं ते पाहा. पंगतीत सगळे खाली बसलेले आणि ही बाई भिंतीकडेच्या खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. भजनाला जायचं तर सतरंजीवर बसावं लागतं, म्हणून भजन बंद. हळदीकुंकवाला माडीवर जायचं म्हणून तेही बंद. गावच्या संडासात उकिडवं बसायची भीती, म्हणून पाहुण्यांकडे, लग्नाकार्याला मुक्काम बंद, आणि दुपारनंतर पाणीसुद्धा कमी प्यायचं. ज्याने उमेदीची सगळी वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर केलं, तो गृहस्थ पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते तेव्हा घरात पडून राहतो, रस्त्यावर दर्शनालाही जात नाही. मी विचारलं तर म्हणाला, "टाळ वाजले की सोसत नाही." त्याच्या गुडघ्याला आराम मिळाला असेलही. पण त्याचं वारकरीपण गेलं, ते कुठल्या रिपोर्टमध्ये येणार?

२०१६च्या एका मोठ्या आढाव्यात, ज्या संधिवाताने हे गुडघे दुखतात, त्याच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात नैराश्याची लक्षणं आढळली होती, आणि चिंतेचंही प्रमाण जवळपास तेवढंच. तुमच्या सकाळच्या ओपीडीत रांगेत बसलेली माणसं मनातल्या मनात मोजून पाहा. त्यातल्या कितीजणांना कुणी विचारलं असेल, की झोप लागते का, जेवण जातं का, कशात जीव रमतो का?

भीतीपोटी चालणं थांबतं, चालणं थांबलं की मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, वजन वाढतं, सांध्यावर जास्त भार येतो, दुखणं वाढतं आणि भीती खरी ठरते. हे चक्र तुम्हाला ठाऊक आहे. रुग्णाला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, सांधा झिजत चालला म्हणून दुखणं वाढलं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांध्यावर भार पडला आणि सुटला की आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, हे मी समजावते तेव्हा लोक चकित होतात. हालचालीने झीजच होते असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. हीच गोष्ट तुम्ही सांगितली तर तिचं वजन दहापट होईल. आमच्या भागात डॉक्टरांचा शब्द आजही प्रमाण आहे, आणि व्यायाम म्हणजे "फिजिओवाल्या ताई काहीतरी करून घेतात" एवढंच. गोळीसारखाच व्यायाम हाही इलाज आहे, तो करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवळलं तर इजा झालेली नाही, एवढं तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, नाइसने, २०२२मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा उल्लेख करते. वय पंचेचाळीसपुढे, दुखणं हालचालीशी जोडलेलं आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त नाही, एवढ्यावर निदान करा, त्यासाठी फोटोची गरज नाही, असं त्यात आहे. इलाजाच्या मुळाशी व्यायाम ठेवला आहे. वंगणाच्या इंजेक्शनांना नकार दिला आहे. आमच्याकडे फोटो काढला नाही तर डॉक्टरांनी तपासलंच नाही असं लोक म्हणतात, ही तुमची अडचण मी जाणते. काढा फोटो. पण आधी गुडघ्याला हात लावा, माणसाला चालायला लावा, त्याचं ऐका, आणि मग फोटोकडे वळा. या क्रमानेही पुष्कळ फरक पडतो.

मनाला बळ देऊन गुडघा सुधारतो का, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवा. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डला केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी शिकवणीवर्ग घेतले. ज्यांचं दुखणं कमी झालं त्यांनी व्यायाम जास्त केला म्हणून ते झालं असणार, अशी अपेक्षा होती. पण सुधारणेचं नातं त्याहून ठळकपणे दिसलं ते 'हे मला सांभाळता येईल' या विश्वासाशी. ड्यूक विद्यापीठात फ्रान्सिस कीफ यांनी १९९०मध्ये गुडघ्याच्या रुग्णांना दुखण्याशी वागायची रीत शिकवली. अंग सैल सोडणं, काम आणि विश्रांती यांची विभागणी करणं, 'आता माझं संपलं' असा विचार आला की तो ओळखून त्याला उत्तर देणं. नुसती आजाराची माहिती मिळालेल्या गटापेक्षा या लोकांचं दुखणं आणि मनाचं खचणं दोन्ही कमी झालं. पुढे ऑस्ट्रेलियात किम बेनेल यांच्या गटाने हेच कौशल्य फिजिओथेरपिस्टांना शिकवून पाहिलं. २०१६च्या त्यांच्या निष्कर्षानुसार व्यायाम आणि हे शिक्षण एकत्र दिलं तेव्हा रोजच्या कामाची ताकद कोणत्याही एका उपायापेक्षा जास्त सुधारली. म्हणजे हे काम फक्त मानसोपचारतज्ज्ञांनीच करावं असं नाही. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळणं किती अवघड आहे हे आपण जाणतो. आम्ही करू शकतो. तुम्ही मात्र दार उघडून द्यायला हवं.

काम आणि विश्रांतीच्या विभागणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या बायकांच्या बाबतीत सगळा घोटाळा तिथेच आहे. गुडघा बरा वाटला त्या दिवशी त्या अख्खं घर सारवतात, धुणं काढतात, दिवाळीत तर सकाळपासून चकल्या-करंज्यांना बसतात ते रात्रीच उठतात. मग तीन दिवस अंथरूण. त्या तीन दिवसांत 'मी कुणाच्या उपयोगाची राहिले नाही' हे मनात घर करतं. त्यांना मी दुखायला लागल्यावर नव्हे, तर घड्याळाकडे बघून उठायला सांगते. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून फिरणं, मग पुन्हा काम. हे साधं वाटतं, पण पटवायला फार कठीण जातं, कारण काम अर्धं टाकून उठणारी बाई आळशी ठरते. म्हणून सुनेला, मुलाला, नवऱ्याला समोर बसवावं लागतं. काही घरांत दुखण्यावर विश्वासच नसतो, तर काही घरांत इतकं जपतात की पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. दुसऱ्या प्रकारात माणूस जास्त लवकर परावलंबी होतो. नातेवाईक तुमच्यासमोर उभेच असतात. "यांना कामं करू द्या, मध्ये थांबू द्या," एवढं त्यांना सांगाल का?

आता शस्त्रक्रिया. सांधा बदलल्यावर साधारण पाचांतला एक रुग्ण समाधानी नसतो किंवा त्याचं दुखणं टिकून राहतं, हे तुमच्याच शास्त्राचे आकडे सांगतात. कोणाचं टिकेल याचे जे संकेत सापडले, त्यात शस्त्रक्रियेआधीची चिंता, नैराश्य आणि दुखण्याबद्दल सतत वाईटात वाईट कल्पना करण्याची सवय ही कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात. ही सवय मोजायला १९९५पासून तेरा प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. साखर तपासता, हृदय तपासता, दातांत जंतू नाहीत ना तेही पाहता. मग हे का नाही? कुणाला शस्त्रक्रिया नाकारण्यासाठी मी हे मागत नाही. खचलेल्या माणसालाही नव्या गुडघ्याचा हक्क आहे, आणि दुखणं गेल्यावर कितीतरी जणांचं मनही सावरतं. पण ज्याची झोप उडाली आहे, जो भीतीने गारठला आहे, त्याला आधी काही आठवडे आधार मिळाला तर तुमच्याच मेहनतीचं चीज होईल.

आणि ज्यांचं दुखणं उरतं, त्यांना "एक्स-रे एकदम परफेक्ट आहे" म्हणून परत पाठवू नका. या माणसाने सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, कधी जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो. मुलांचा पैसा वाया घालवला या अपराधी भावनेने तो घरी दुखतं म्हणायचंही बंद करतो. "फोटो चांगला आहे ही चांगली बातमी आहे, तरी तुमचं दुखतंय हे मला मान्य आहे, आता ते कशाने ते शोधू," असं म्हटलं तर तो टिकून राहतो.

तुमच्या शब्दात आणि हातात केवढी ताकद आहे, याचा पुरावा तुमच्याच क्षेत्राने दिला आहे. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर केलेला प्रयोग २००२मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा धुतला, काहींना फक्त वरवरचे छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनंतरही पहिल्या दोन गटांना तिसऱ्यापेक्षा जास्त फायदा झालेला दिसला नाही. मला त्यात दिसतं ते असं, की डॉक्टर आपल्यासाठी काहीतरी करताहेत या भरवशाने दुखणं हलतं. तोच भरवसा छेद न देताही देता येतो. वाक्य उलटं पडलं तर तोच भरवसा काढूनही घेता येतो.

तुमच्याकडे वेळ नाही, हे मला मान्य आहे. दिवसाला सत्तर-ऐंशी रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडून मी समुपदेशनाची अपेक्षा करत नाही. चार प्रश्न मागते. झोप कशी आहे? गुडघ्याचं काय होईल अशी भीती वाटते? दुखण्यामुळे काय करणं सोडलं? घरी मदतीला कोण आहे? हे बाहेर बसलेल्या सिस्टरनेही विचारून कागदावर लिहिलं तरी चालेल. उत्तर चिंताजनक वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या. २०२२पासून ही सरकारी सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि मला पाठवताना, तुम्ही रुग्णाला नेमकं काय सांगितलंत ते चिठ्ठीवर एका ओळीत लिहा. मी त्याच्याविरुद्ध काही बोलले तर रुग्ण दोघांवरचाही विश्वास गमावतो.

शेवटची विनंती माझ्या जिल्ह्यापुरती आहे. गुडघेदुखीच्या लोकांना महिन्यातून एकदा एकत्र बसवायचा माझा विचार आहे. खुर्च्या असतील आणि सतरंजीही असेल, ज्याला जिथे जमेल तिथे त्याने बसावं. व्यायाम होईल, एकमेकांचं ऐकणं होईल. ज्यांनी पुन्हा शेताची वाट धरली ते इतरांना सांगतील. तुमच्यापैकी कुणी अर्धा तास येऊन "चाला, तुमचा गुडघा चालण्याने बिघडणार नाही" एवढं सगळ्यांसमोर सांगितलंत, तर माझं पुढचं काम सोपं होईल. जागा ग्रामीण रुग्णालयात मागितली आहे. वार तुमच्या सोयीने ठरवू.



आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट
जिल्हा सातारा